सत्तावन्न दिवसांनी थोरला

मेथी निवडता निवडता बायकोने विचारलं, "म्हणजे नक्की काय काय जास्त आहे त्यात?"

मी उत्साहाने सांगायला बसलो आणि दोनच मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की मी सांगतोय ते सगळं कमीच आहे. माझ्याकडे निकॉनचा डी-९० आहे, १२.३ मेगापिक्सेलचा. मला हवाय तो निकॉनचाच डी-७००, १२.१ मेगापिक्सेलचा. डी-९० व्हिडिओ काढतो. व्हिडिओ काढणारा तो जगातला पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा. डी-७०० व्हिडिओ काढत नाही. माझ्या कॅमेऱ्याचं वजन ६२० ग्रॅम, त्याचं ९९५, आणि हे नुसत्या बॉडीचं. लेन्स नि बॅटरी वेगळी. माझ्यात कुठल्याही दुकानात मिळणारं एसडी कार्ड चालतं. त्याला सीएफ कार्ड लागतं, आणि ते आता शोधत फिरावं लागतं. एवढा सगळा ऐवज सेकंडहँड, २८ हजार रुपयांना.

"आणि निघाला कधी?"

इथे खोटं बोलता आलं असतं. पण ती बँकेत आहे, कागद मागितला असता. "१ जुलै २००८ ला जाहीर झाला," मी म्हणालो.

"आपला?"

"२७ ऑगस्ट. तेच साल."

तिने मेथीच्या काडीने हवेतच वजाबाकी केली. "म्हणजे आपल्यापेक्षा ५७ दिवसांनी जुना, जड, व्हिडिओ न काढणारा कॅमेरा आपण पैसे देऊन घेणार. याला अपग्रेड म्हणतात?"

तिच्या हिशेबात चूक नव्हती. मला तेवढं एकच उत्तर सुचलं, "बॅटरी सेम आहे. आपल्याच दोन्ही बॅटऱ्या चालतील." यावर मात्र तिने मान हलवली. या सगळ्या प्रकरणात तिला पटलेला तो पहिला मुद्दा.

खरं कारण सांगायला सेन्सरमध्ये शिरावं लागतं, आणि स्वयंपाकघरात सेन्सरमध्ये शिरलं की समोरच्याचं लक्ष गॅसकडे जातं. इथे सांगतो. डी-७०० हा फुल फ्रेम. त्याचा सेन्सर ३६ बाय २३.९ मिलिमीटर, म्हणजे जुन्या रोलच्या एका चौकटीएवढा. माझ्या कॅमेऱ्यातला २३.६ बाय १५.८. क्षेत्रफळ काढलं तर थोरल्याचं अंगण धाकट्याच्या दुपटीहून मोठं. पिक्सेल दोघांकडे जवळपास तेवढेच. पागोळ्यांखाली बारा वाट्या मांडल्या आणि शेजारी बारा पातेली मांडली, तर भांड्यांची संख्या सारखीच; सर थांबल्यावर कशात काय साठलंय ते बघायचं. उजेडाचंही तसंच आहे. दिवसाढवळ्या दोघांच्या फोटोंत फारसा फरक सांगता येणार नाही. पण गौरीच्या रात्री, ट्यूबलाइट बंद करून समयांच्या उजेडात फोटो काढायचा झाला, की माझा डी-९० आयएसओ १६०० ला, म्हणजे कमी उजेडासाठी संवेदनशीलता वाढवली की, गौरीच्या गालांवर रवा सांडतो. डी-७०० तिथेच मुखवट्याचा रंग जागेवर ठेवतो, असं ऐकून आहे. २००७ च्या डी-३ या पेपरवाल्या फोटोग्राफरांच्या कॅमेऱ्यातला सेन्सरच त्यात बसवला होता.

दुसरं कारण आमच्या घराच्या मापाचं आहे. माझ्याकडे ५० मिलिमीटरची फिक्स, म्हणजे झूम न होणारी लेन्स आहे. लहान सेन्सरवर तिची चौकट ७५ मिलिमीटरची असल्यासारखी आखडते. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत ७५ मिलिमीटर म्हणजे काय, ते आमच्या फ्रिजला विचारा. वाढदिवसाला केकसकट चार माणसं चौकटीत घ्यायची म्हणून मी मागे सरकतो, सरकतो, आणि पाठ फ्रिजला टेकते. वरून हमखास चुंबकाचा आंबा खाली पडतो. आमच्या घरातल्या सगळ्या फोटोंत कुणीतरी हसताना दिसतं ते फोटोसाठी नाही, त्या आंब्याला हसत असतं. फुल फ्रेमवर तीच लेन्स खरीखुरी ५० होते. फ्रिजपासून चार पावलं सुटतील.

आता ही कारणं खरी आहेत, पण ती मी नंतर गोळा केलेली आहेत. आधी हवंसं वाटलं, मग कारणं जमवली. मूळ गोष्ट १६ वर्षांपूर्वीची.

जानेवारी २००९. सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन बुडालेली, त्यामुळे आमच्या ऑफिसात लोक हळू आवाजात बोलायचे. घरात बाळ येणार होतं. त्या बाळाच्या निमित्ताने, आणि निमित्तानेच, मी कॅमेरा घ्यायला दादरच्या एका दुकानात उभा होतो. काचेच्या वरच्या फळीवर डी-७०० होता, मधल्या फळीवर डी-९०. अमेरिकेत निघाला तेव्हा थोरल्याची किंमत ३ हजार डॉलर होती. इथला आकडा ऐकून मी काचेवर टेकवलेला हात काढून घेतला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "साहेब, हातात तर घ्या." मी घेतला नाही. हातात घेतला असता तर मधल्या फळीवरचा आयुष्यभर मधल्याच फळीवरचा वाटला असता. डी-९० हप्त्यांवर घेतला आणि घरी आलो.

त्याने माझं काही अडवलं नाही, हे सांगायला हवं. मुलीचं बारसं, पहिलं रांगणं, सगळं त्यात आहे. रांगण्याचा तर व्हिडिओही आहे. त्या काळी व्हिडिओ चालू असताना ऑटोफोकस चालायचा नाही, त्यामुळे ती दूर सोफ्यापाशी असते तोवर स्पष्ट आहे आणि माझ्याकडे येते तशी विरघळत जाते. शेवटी कॅमेऱ्यासमोर नुसता एक गुलाबी ढग हसतो. आजही डी-९० अगदी ठणठणीत चालतो, आणि खरी अडचण तीच आहे. बिघडला असता तर कुणी काही विचारलं नसतं.

तर वरच्या फळीवरचा तो कॅमेरा इतक्या वर्षांत एक एक पायरी उतरत माझ्या खिशाच्या उंचीला आलाय. मी काही वर चढलेलो नाही. तो मला परवडतो, कारण तो आता दुसऱ्या कुणाला नकोय. जग मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर गेलं, खिशातला फोनच ५० मेगापिक्सेलचा झाला. हे कळतं, तरी रात्री अकरानंतर सेकंडहँडच्या जाहिराती चाळताना कळत नाही. त्यातल्या फोटोंत कॅमेरा नेहमी फुलाफुलांच्या चादरीवर ठेवलेला असतो, उपवर मुलासारखा.

मुलगी आता सोळाची. तिच्या मैत्रिणी जुने छोटे डिजिटल कॅमेरे हौसेने शोधून घेतात. त्या काळातला तो भगभगीत फ्लॅश त्यांना फार आवडतो. ती म्हणाली, "बाबा, घे ना. व्हिंटेज आहे." तिच्या जन्माच्या आदल्या वर्षाला व्हिंटेज म्हणतात हे ऐकून मी जरा वेळ गप्प बसलो.

मग मला मामाची लेन्स आठवली. वकिलाला ऐन वेळी साक्षीदार सापडावा तशी.

माझा मिरजेचा मामा निकॉनच्या एफएम-२ वर फोटो काढायचा. १९८२ साली आलेलं मॉडेल, सगळं यंत्र चावीच्या घड्याळासारखं. बॅटरी संपली तरी फक्त उजेड मोजणारा मीटर बंद व्हायचा, शटर चालूच. रोलमध्ये ३६ फोटो. मी हात पुढे केला की तो म्हणायचा, "आधी बघ. मग परत बघ. मग दाब." पुढे त्याने ती बॉडी कुणाला तरी देऊन टाकली आणि तिची लेन्स, तीही ५० मिलिमीटरचीच, मला दिली. निकॉनचा माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स अडकवायची जागा, १९५९ पासूनचा तोच, त्यामुळे ती डी-९० ला बसते. बसते, पण बोलत नाही. मीटर बंद पडतो, सगळं अंदाजाने लावावं लागतं. डी-७०० च्या माउंटला मात्र जुन्या लेन्सची ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाची, कडी ओळखणारा एक छोटा काटा आहे. मेन्यूत जाऊन लेन्स किती मिलिमीटरची आणि तिचं सगळ्यात मोठं ॲपर्चर किती, एवढं सांगितलं की मीटर चालू. म्हणजे आपल्या मागणीला आता परंपरेचाही आधार मिळाला. मी मामाला फोन केला.

"ती लेन्स?" मामा म्हणाला. "बुरशीने खाल्ली नाही होय अजून?"

नव्हती खाल्ली. मुंबईच्या हवेत लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते म्हणून आमच्याकडे कॅमेरा चकलीच्या डब्यात राहतो, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. निळ्या दाण्यांचे गुलाबी झाले की पावसाळा आला असं समजायचं. दिवाळीत डब्याची मागणी वाढते तेव्हा कॅमेऱ्याला आठवडाभर कपाटात हलवतात.

"घे की मग," मामा म्हणाला. "पण लेन्ससाठी कॅमेरा घेतोस की कॅमेऱ्यासाठी लेन्स काढलीस?"

आमच्या घराण्यात हा प्रश्न विचारायची पद्धत आईकडूनच आलेली दिसते.

शनिवारी बोरा बाजार. सीएसएमटीच्या सबवेतून बाहेर पडून फोर्टच्या त्या गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना कॅमेऱ्यांची दुकानं, मधून हातगाड्या. मी गेलो ते दुकान म्हणजे एक काउंटर, एक शिडी आणि वर पोटमाळा. मुलाने शिडीवरून डी-७०० खाली आणला, माझ्या हातात दिला आणि माझं मनगट खाली गेलं. कडांवरचा काळा रंग उडून करडा धातू दिसत होता. रबर मात्र घट्ट.

"लग्नवाल्याचा आहे," दुकानदार म्हणाला. "साहेब, ये टँक है टँक."

शटर काउंट निघाला १ लाख १८ हजार. गाडीचे किलोमीटर असतात तसा हा आकडा. कंपनीने शटरची चाचणी दीड लाखापर्यंत केलेली. त्यानंतर ते मरतंच असं नाही, पण भरवसा तिथपर्यंतचा. लग्नाला ८०० फोटो धरले तर या गड्याने जवळपास दीडशे लग्नं उरकलीत. दीडशे वेळा मंगलाष्टकं, दीडशे वेळा 'जरा इकडे बघा', आणि एकदाही पंगतीत बसला नाही. माझ्या वर्षाला अडीच हजार फोटोंच्या हिशेबाने उरलेले ३२ हजार तेरा वर्षं पुरतील. म्हणजे साठी ओलांडेपर्यंत. त्यापुढे आम्हा दोघांचीही गॅरंटी नाही.

मनातल्या मनात दुसरं बिलही चालू होतं. डी-९० सोबतची १८-१०५ ही लहान सेन्सरची लेन्स. ती याला लावली तर चौकट कापून ५.१ मेगापिक्सेलच उरतात. म्हणजे पुढेमागे नवी झूम. सीएफ कार्ड. त्या कार्डाचा रीडर. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, फक्त इथे कोंबडीच २८ हजारांची.

पिशवीतून मामाची लेन्स काढली. झाकण काढून काउंटरवर ठेवलं, आत मामाने कधीतरी चिकटवलेला पट्टीचा तुकडा आणि त्यावर पेनाने '५०'. लेन्स बसवली, फिरवली, खट्. दुकानदाराने आपलं कार्ड घातलं. मेन्यूत ५० आणि १.८ भरलं, डोळा लावला.

आतून ते इतकं मोठं दिसेल असं वाटलं नव्हतं. डी-९० मधून मी सोळा वर्षं बोगद्याच्या टोकाशी बघत होतो. हे म्हणजे बाल्कनीचं दार उघडल्यासारखं. खाली मीटरची पट्टी जिवंत. कडी फिरवली तसा आकडा बदलला. गल्लीत पुठ्ठ्याचे खोके रचलेली हातगाडी थांबली होती आणि हमाल दांडीवर बसून बिडी शिलगावत होता. इमारतींच्या फटीतून येणारं चारचं ऊन नेमकं त्याच्या खांद्यावर. मी आधी बघितलं. परत बघितलं. मग दाबलं.

खटॅक! हा आवाज मात्र बारशात बाळ उठवेल असा.

पहिला फोटो हलला. दुसऱ्यात हमालाच्या हातातली काडी स्पष्ट आली, ज्योतीसकट. मागचे खोके विरघळलेले. बराच वेळ मी त्या स्क्रीनकडे बघत राहिलो. हा फोटो डी-९० वर आला नसता का? आला असता बहुतेक. दोन पावलं मागे जाऊन, मीटर अंदाजाने लावून, चार वेळा चुकून. पण मी तो काढायला थांबलो नसतो.

"पॅक करू?" दुकानदाराने विचारलं.

"२६ करा," मी म्हणालो. तो हसला. "सत्तावीस. फायनल." मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्याने कार्ड काढून घेतलं. माझा हमाल त्या कार्डात राहिला.

परतीच्या फास्ट लोकलमध्ये मला घाटकोपरपर्यंत वाटत होतं घ्यावा, ठाण्यापर्यंत वाटत होतं नको. दिव्याला खिडकीची जागा मिळाली आणि परत घ्यावासा वाटला.

दार बायकोने उघडलं. "घेतलास?"

"नाही."

"मग चेहरा असा का?"

"मामाच्या लेन्सचं झाकण दुकानात राहिलं. काउंटरवर. परत जावं लागणार."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, लेन्स काढली, पुढच्या उघड्या काचेवर तिचा स्वच्छ रुमाल गुंडाळला आणि चकलीच्या डब्यात ठेवली.

"राहिलं," ती झाकण फिरवत म्हणाली, "की ठेवलंस?"