कमावलेला वेग सांडू नये

सोमवार, रात्री

तीनशे अश्वशक्तीची गाडी सोडून दीड लिटरच्या छोट्या हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, बसलं की सुरुवातीला एकच प्रश्न छळतो : एवढ्याशा ताकदीत भागणार कसं? आज कागद घेऊन हिशोबच मांडला.

१२०० किलोची छोटी गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने एकसारखी चालली आहे. हवेचा अडथळा आणि टायरचं घर्षण मिळून तिला मागे ओढणारं बल साधारण २१० न्यूटन भरतं. ते पेलायला साडेतीन किलोवॉट पुरतात, म्हणजे जेमतेम पाच अश्वशक्ती. वेग १०० वर नेला तर अकरा किलोवॉट, पंधरा अश्वशक्ती. वेगवान गाडी थोडी जड असते, टायर रुंद असतात, त्यामुळे तिचे आकडे जरा वर जातील. पण रोजच्या प्रवासात तिचं इंजिनही आपल्या ताकदीच्या पाच-सात टक्क्यांवरच चालत असतं.

तिच्या पेट्रोलच्या भुकेचं मूळ इथे आहे. इतक्या कमी भारावर थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि सहा-आठ पिस्टन त्या फटीतून हवा ओढत बसतात. बेअरिंगचं, रिंगांचं, ऑइल पंपाचं घर्षण काही कमी होत नाही. जळलेल्या पेट्रोलचा मोठा वाटा इंजिन स्वतःलाच फिरवण्यात घालवतं. गाडी हळू चालवली तरी ॲव्हरेज का सुधारत नाही, याचं उत्तर पायात कमी आणि इंजिनाच्या आकारात जास्त आहे.

हायब्रिडने याच्यावर दोन उपाय केले. इंजिन लहान ठेवायचं, आणि ते चालवायचं तर चांगल्या भारावर, नाहीतर सरळ बंद करायचं. शिवाय ते इंजिनही वेगळ्या जातीचं. १८८२ मध्ये जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने असं इंजिन कल्पिलं की ज्यात वायू दाबला जातो कमी आणि फुलतो जास्त. त्याने त्यासाठी दांड्यांची गुंतागुंतीची जोडणी वापरली. आज तेच काम हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवून साधतात. पिस्टन वर येऊ लागला तरी व्हॉल्व्ह उघडाच असतो, थोडी हवा परत मागे ढकलली जाते, मग दाब सुरू होतो. जळलेला वायू मात्र पूर्ण स्ट्रोकभर ढकलतो, त्यामुळे सायलेन्सरवाटे वाया जाणारी उष्णता कमी होते. किंमत मोजावी लागते ती खालच्या फेऱ्यांवरच्या टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या जोरात, आणि ती उणीव विजेची मोटर भरून काढते. म्हणूनच सिग्नल सुटल्यावर पहिल्या वीस-तीस मीटरमध्ये ही गाडी अपेक्षेपेक्षा चपळ वाटते.

बुधवार

आवाजाबद्दल लिहायलाच हवं, कारण नव्याने आलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा विरस तिथे होतो. पाय दाबला की इंजिन एकदम वरच्या फेऱ्यांवर जातं आणि तिथेच घोंगावत राहतं, गाडी मागाहून वेग घेते. क्लच घसरत असावा असंच कानाला वाटतं. घसरायला तिथे क्लचच नाही. टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली, तेव्हापासून या पद्धतीत इंजिनाची शक्ती वाटायला एकच ग्रहचक्री गिअरसंच असतो : मधल्या गिअरला जनरेटर, बाहेरच्या कड्याला मोटर आणि चाकं, आणि त्या दोहोंमधले गिअर धरणाऱ्या चौकटीला इंजिन. सुरुवातीच्या प्रियसमध्ये मधल्या गिअरला ३० दात आणि कड्याला ७८. त्यावरून इंजिनाचा टॉर्क कायम २८ आणि ७२ टक्के असा वाटला जातो, मोठा वाटा चाकांकडे. बदलायला गिअरच नाहीत. जनरेटरची गती बदलली की गुणोत्तर आपोआप बदलतं. पायाने मागितली तेवढी शक्ती ज्या फेऱ्यांवर स्वस्तात मिळते, तिथे संगणक इंजिन नेऊन ठेवतो. तो आवाज गाडीचा वेग सांगत नाही, मागितलेली शक्ती सांगतो. हे एकदा डोक्यात बसलं की कानाची तक्रार बरीच कमी होते. वर चढत जाणाऱ्या फेऱ्या आणि गिअर पडतानाचा तो तुकडा मात्र परत मिळत नाही, आणि त्याची चुटपुट लागणं मला अगदी रास्त वाटतं.

आता पाय किती दाबायचा? अंडं फुटू नये इतक्या हलक्या पायाने चालवा, हा सल्ला इथे चुकतो. रांगत वेग घेतला तर गाडी बराच वेळ विजेवर राहते आणि बॅटरी उतरते, मग ती भरायला इंजिन पुढे जास्त वेळ चालतं. बॅटरीतली वीज फुकट नाही, तीही शेवटी पेट्रोलचीच. इंजिनातून जनरेटर, तिथून बॅटरी, बॅटरीतून मोटर आणि मग चाकं, या प्रवासात पाव हिस्सा सहज गळतो. म्हणून मुद्दाम इंजिन बंद ठेवून खूप अंतर कापण्याचा हट्ट धरू नये. डॅशबोर्डवरच्या पॉवर मीटरचा काटा इको पट्ट्याच्या वरच्या टोकाशी ठेवून सरळ, ठाम वेग घ्यायचा. हवा तो वेग आला की पाय पूर्ण उचलायचा, इंजिन बंद होऊ द्यायचं, आणि मग अगदी हलका दाब देऊन वेग टिकवायचा.

या वेगाची किंमत मी मिलिलिटरमध्ये मोजून पाहिली. १२०० किलोची गाडी शून्यावरून ५० वर आली की तिच्यात साधारण ११६ किलोज्यूल ऊर्जा साठते. एका लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल धरले आणि इंजिनाची कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तर एकदा ५० चा वेग घ्यायला १० मिलिलिटर पेट्रोल लागतं, म्हणजे चहाचे दोन चमचे. १०० च्या वेगाला त्याच्या चौपट, ४० मिलिलिटरच्या वर. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना पाय दाबून वेग घेतला, तर ते दोन चमचे ओतून देण्यासाठीच घेतले.

शुक्रवार

वेगवान गाडीत ब्रेक उशिरा आणि जोरात लावायची सवय लागते, कारण गाडी ते लीलया पेलते. हायब्रिडमध्ये हीच सवय सगळ्यात महाग पडते, कारण इथे ब्रेक लावला की मोटर जनरेटर होऊन गाडीच्या वेगाची वीज करते आणि ती बॅटरीत भरते.

५० वरून थांबायला १० सेकंद घेतले तर मोटरला सरासरी बारा किलोवॉट झेलावे लागतात, सुरुवातीला तेवीसेक. हे छोटी बॅटरी बऱ्यापैकी पचवते. तोच थांबा चार सेकंदांत घेतला तर सुरुवातीचा आकडा ५८ वर जातो. बॅटरी तेवढं घेऊ शकत नाही, उरलेलं पॅड आणि डिस्कमध्ये उष्णता होऊन जातं. लवकर ब्रेक, हलका ब्रेक, लांब ब्रेक. मीटरचा काटा चार्जच्या पट्ट्यात टोकाला न टेकता राहिला पाहिजे. शेवटच्या काही मीटरमध्ये, वेग ताशी दहाच्या खाली आला की मोटर बाजूला होते आणि खरे ब्रेक काम घेतात. त्या क्षणी पेडलखाली किंचित फरक जाणवतो. तो बिघाड नव्हे.

गिअर लिव्हरवरची 'बी' ही जागा जास्त वीज मिळवण्यासाठी आहे, असा पक्का गैरसमज असतो. ती लांब उतारासाठी आहे. बॅटरी भरली की मोटरला ऊर्जा ठेवायला जागा उरत नाही, मग इंजिन नुसतं फिरवून, हवा दाबून, ती जिरवावी लागते. बी मध्ये हे जिरवणं आधीपासूनच सुरू होतं. रोजच्या सपाट रस्त्यावर बी लावून फिरणं म्हणजे मिळणारी वीज घालवणं.

मोटरच एवढं थांबवत असल्यामुळे पॅड फार वर्षं टिकतात, आणि त्यातूनच दुसरा त्रास निघतो. पॅड झिजत नाहीत, ते अडकतात. डिस्कवर गंजाचा थर बसतो, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या स्लाइड पिना सुकतात, पॅडचे कान क्लिपमध्ये घट्ट होतात. मग एकाच बाजूचा पॅड झिजतो किंवा चाक सतत हलकं घासत राहतं आणि ॲव्हरेज चोरून खातं. थोडं अंतर चालवल्यावर एक रिम बाकीच्यांपेक्षा गरम लागली, तर आधी तिथे पाहावं.

म्हणून पॅड कितीही जाड दिसले तरी वर्षातून एकदा चाकं काढून पिना बाहेर काढाव्यात. जुनं ग्रीस पुसून ब्रेक क्लीनरने धुवावं, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावावं. साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतात आणि पिन पूर्वीपेक्षा घट्ट बसते. क्लिपखालचा गंज तारेच्या ब्रशने घासावा, पॅड बोटाने सरकला पाहिजे. एक सावधगिरी यात फार महत्त्वाची : अनेक हायब्रिडमध्ये ब्रेकचा दाब विजेच्या पंपाने तयार होतो, आणि गाडी बंद असताना नुसतं ड्रायव्हरचं दार उघडलं तरी तो पंप चालू होऊ शकतो. कॅलिपर सुटा असताना हे झालं तर पिस्टन बाहेर येतो. मॅन्युअलमधली पद्धत वाचून पंप आधी शांत करावा. ब्रेक ऑइल बदलायलाही बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागतो, पेडल मारून हवा काढायची जुनी रीत इथे चालत नाही.

मधल्या काळात डिस्क साफ ठेवायला सोपी युक्ती आहे. मोकळ्या, सरळ, रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगात न्यूट्रल टाकायचा आणि ब्रेक दोन-तीनदा ठामपणे लावायचा. न्यूट्रलमध्ये मोटर वीज बनवत नाही, सगळं काम पॅडला करावं लागतं, आणि गंज उतरतो. याच कारणाने रांगेत उभं असताना न्यूट्रलवर बसू नये : बॅटरी भरत नाही, एसी मात्र तिच्यातूनच वीज ओढत राहतो.

रविवार

आज बसल्या बसल्या मागच्या सीटकडे पाहा. बऱ्याच हायब्रिडमध्ये सीटच्या कडेला किंवा खाली एक साधी जाळी असते. स्पीकर समजून तिच्यावर पिशवी किंवा जॅकेट टाकलं जातं. तीच बॅटरीच्या पंख्याची नाकपुडी आहे. आत गाळणी असेल तर तिच्यावर धूळ, कपड्यांचे तंतू, केस यांची करड्या फेल्टसारखी गादी जमते. नखाने उचलली तर अख्खी सुटून येते. गादी जाड झाली की पंखा मोठ्याने फिरू लागतो, सेल तापतात, आणि तापलेले सेल लवकर म्हातारे होतात. वर्षातून एकदा, पाळीव प्राणी गाडीत बसत असेल तर तीन-चार महिन्यांनी, ती साफ करावी. हायब्रिडच्या सगळ्या देखभालीत सर्वात कमी कष्टाचं आणि सर्वात जास्त दुर्लक्षित काम मला हेच वाटतं.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट १२ व्होल्टची छोटी बॅटरी. इंजिन जनरेटरच सुरू करतो, स्टार्टर नसतोच, त्यामुळे ही बॅटरी मेली तरी आधी 'खर्रर्र' असा इशारा मिळत नाही. एक दिवस डॅशबोर्डवरचा 'रेडी' दिवा लागतच नाही, गाडी चालायला तयार होत नाही. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर चार्जर जोडून ठेवावा, किंवा मधूनमधून ती रेडी करून तासभर ठेवावी. बॅटरी केबिनमध्ये किंवा डिकीत असेल तर बदलताना त्याच जातीची, वायू बाहेर नेणाऱ्या नळीची जागा असलेली घ्यावी. जम्प देताना धन-ऋण उलटं झालं तर महागडी इलेक्ट्रॉनिक्स जाते. उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी तारांना घरी हात लावायचा नाही. जाणकार मेकॅनिकही मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावर कॅपॅसिटर उतरायला दहा मिनिटं थांबतो आणि १००० व्होल्टचे हातमोजे घालतो.

मंगळवार

ऑइल. वेगवान गाडीला जाड ऑइल घालणारा हात इथे आवरावा. ही इंजिनं ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ अशा पातळ ऑइलसाठी बनलेली असतात, मॅन्युअलमध्ये जे असेल तेच. इंजिन दर थोड्या वेळाने बंद होऊन थंड होतं, छोट्या फेऱ्यांत ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी उतरतं. तेव्हा किलोमीटर कमी झाले तरी ठरलेल्या मुदतीला बदलावं.

एसीचं काम करायला देताना कॉम्प्रेसरच्या ऑइलचं नाव विचारावंच. कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, त्याला विद्युतरोधक पीओई ऑइल लागतं. नेहमीचं पीएजी ऑइल थोडंसं जरी मिसळलं तरी गळती करंट दाखवून गाडी रुसून बसते.

पेट्रोल साधंच. कॉम्प्रेशन रेशो तेरा-चौदा वाचून महाग पेट्रोल भरावंसं वाटतं, पण व्हॉल्व्ह उशिरा मिटत असल्याने प्रत्यक्ष दाब कमी असतो. टायर : रुंद आणि चिकट टायर घातले की हायब्रिडचा फायदा तिथेच आटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना बघावी.

लांब चढावर मात्र हिच्याकडून पूर्वीची अपेक्षा धरू नये. बॅटरी काही मिनिटांत तळाला जाते आणि मागे फक्त छोटं इंजिन उरतं. ओव्हरटेक बॅटरी भरलेली असतानाच काढावा, आणि त्यासाठी जुन्या गाडीत लागायची त्याच्या दुप्पट मोकळी जागा समोर असावी.

बचतीचा हिशोब लिटरला किती किलोमीटर या भाषेत केला की फसगत होते. ८ चे १२ झाले तर १०० किलोमीटरमागे चार लिटरहून अधिक वाचतात. पुढे २० चे २४ झाले तर एक लिटरही वाचत नाही. ८ वरून २४ वर आल्यावर १२,००० किलोमीटरला १,००० लिटर पेट्रोल वाचतं आणि सुमारे २.३ टन कार्बन डायऑक्साइड कमी होतो. डॅशबोर्डवरचा आकडा थोडा उदार असतो. टाकी पंपाची नळी आपोआप बंद होतानाच्या पहिल्या टकपर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा त्याच पंपावर पहिल्या टकपर्यंत भरायची आणि भागाकार करायचा. एका टाकीवर काही ठरवू नये, किमान चार टाक्यांची सरासरी घ्यावी. थंडीत आकडा खाली येईल, कारण हीटरला गरम पाणी हवं असतं आणि ते इंजिन चालल्याशिवाय मिळत नाही.