वॉटरप्रूफ आहे, पण पाण्यात नका घालू

ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांना पावसात घरी बसता येतं. भजी, चहा, खिडकीतून दिसणारा पाऊस, सगळं त्यांचं. आमच्याकडे चिंगी आहे. रेड अलर्ट असो, शाळांना सुट्टी जाहीर झालेली असो, लोकल बंद पडलेल्या असोत, सकाळी सहाला तिचं नाक दाराच्या फटीला लागलेलं असतं. रात्री नऊला पुन्हा तेच.

कुत्र्याला फिरवणं म्हणजे चालणं, असं कुत्रा नसलेल्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते बरंचसं उभं राहणं असतं. विजेच्या खांबाचा वास घेताना चिंगी कोरड्या कडेवर असते आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मी, नेमकी डबक्यात. काल रात्री इथे कोण येऊन गेलं याचा पुरावा पावसाने अर्धा धुऊन नेलेला असतो, त्यामुळे तपासाला दुप्पट वेळ लागतो. तेवढ्यात मांजर दिसतं आणि उभं राहणं संपून एकदम पळापळ सुरू होते, तीही शेवाळलेल्या फरशीवरून. शिवाय पेव्हर ब्लॉक. त्यातला कुठला सुटलेला आहे हे पाय पडल्याशिवाय कळत नाही, आणि पाय पडला की खालून गढूळ पाण्याची पिचकारी थेट गुडघ्यापर्यंत. पावसाळी बूट बनवणारे पाणी वरून येतं असं धरून चालतात. ठाण्यात ते खालूनही येतं.

मेच्या शेवटी गोखले रोडवर दुकानांबाहेर पावसाळी चपला-सँडल लटकायला लागतात. अशाच एका दुकानात छान करड्या रंगाचे, हलके, बांधायचे बूट दाखवत विक्रेता म्हणाला, ‘‘मॅडम, वॉटरप्रूफ आहे, पण पाण्यात नका घालू.’’ मला हे वाक्य फार आवडलं. इतकं प्रामाणिक बोलणारा विक्रेता विरळा. त्या बुटाच्या कापडावर थेंब टाकला तर तो खरंच ओघळून जातो. पण शिलाईची भोकं, जिभेच्या दोन्ही बाजू, सोल चिकटवलेली कड, या सगळ्या वाटा पाण्याला मोकळ्या असतात. रिमझिम पावसात गाडीतून उतरून ऑफिसात शिरणाऱ्यासाठी तो बूट उत्तम. चिंगीसाठी नव्हे.

त्याच्यावरची पायरी म्हणजे गोर-टेक्ससारखा पडदा आत बसवलेले ट्रेकिंगचे बूट. त्याची गंमत खरी आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू न ओढता एकदम हिसडा देऊन ताणली, आणि इतकी बारीक छिद्रं असलेला पदार्थ हाती आला, की त्यातून पाण्याचा थेंब जात नाही, पण घामाची वाफ जाते. बूट बाहेरून कोरडा, आतूनही कोरडा. मात्र वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत ठाण्याची हवाच मुळात ओल्या टॉवेलच्या लायकीची. वाफ जाणार कुठे? आणि पाणी घोट्याच्या वर गेलं की ते वरूनच आत शिरतं. मग बाहेरचं पाणी अडवणारा तोच पडदा आतलं पाणी इमानेइतबारे धरून ठेवतो. असा बूट वाळायला दोन दिवस घेतो. चिंगी दोन दिवस थांबत नाही.

लंडनला वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे एकटा जुलै कधी कधी त्याच्या पुढे निघून जातो. त्यामुळे थंड देशांतल्या लोकांचा ‘पाय कोरडा कसा ठेवाल’ हा सल्ला मी आदराने वाचते आणि बाजूला ठेवते. इथे पाय कोरडा राहत नाही. सकाळी भिजलेला बूट रात्री नऊपर्यंत वाळतो का, एवढाच माझा प्रश्न.

या प्रश्नावर चामडं पहिल्या फेरीत बाद. कोल्हापुरी मेअखेरीस कागदात गुंडाळून माळ्यावर जाते, ती दसऱ्यालाच खाली येते. कॅनव्हास दुसऱ्या फेरीत, आणि त्याचा वास तिसऱ्या फेरीपर्यंत मागे राहतो. आतल्या स्पंजाच्या अस्तराचंही तेच. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तो फ्रिजमागे ठेवायचा, हा आमच्या घरचा जुना उपाय. तो चालतो, पण बोळे दर दोन तासांनी बदलावे लागतात, आणि हल्ली घरात तेवढी वर्तमानपत्रंही येत नाहीत.

उरतो गमबूट. तो चपलांच्या दुकानात शोधू नका, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पाइप, हातमोजे आणि पिवळ्या हेल्मेटच्या शेजारी, चारपाचशेच्या आसपास. सगळा एकाच साच्यातून निघालेला, त्यामुळे शिलाई नाही आणि सांधाही नाही. भिजला तर उलटा करायचा, फडक्याने पुसायचा, संपलं. पहिल्या दिवशी सोसायटीतल्या काकांनी विचारलं, ‘‘काय, नालेसफाईला?’’ मी हसले खरी, पण नाल्यात उतरणाऱ्यांच्या पायात हा बूट कितीदा दिसतो, हे त्यांनी जरा बघावं. ज्यांना तो सर्वांत आधी मिळायला हवा ते अजूनही स्लिपरवर काम करतात.

या बुटाच्या वंशावळीत एक ओळखीचा माणूस आहे. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेला आर्थर वेलस्ली १८०३ च्या सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढला. असई आज जालना जिल्ह्यात येते. त्यासाठी त्याने केळणा नदी उतारातून ओलांडली. त्याच्या नावाचा बूट पुढे लंडनच्या चर्मकाराने शिवला, तो चामड्याचा. रबराचा अवतार त्यानंतरचा : हायरम हचिन्सन या अमेरिकन माणसाने गुडइयरची रबर पक्कं करण्याची कृती घेतली आणि १८५३ मध्ये फ्रान्समध्ये कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या पाण्यात सैनिकांचे पाय सडायला लागले, तेव्हा एडिंबरोच्या एका कंपनीने ब्रिटिश सैन्यासाठी जवळजवळ बारा लाख जोड बनवले. केळणेचा आणि गमबुटाचा काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी खांबाशी ताटकळताना असई आठवते.

गमबूट घेताना दोन गोष्टी बघाव्यात. आपल्याकडचे बहुतेक गमबूट आता रबराचे नसून पीव्हीसीचे असतात, आणि कडक पीव्हीसी ओल्या ग्रॅनाइटवर सरळ घसरतो. रस्त्यावर नाही, इमारतीच्या लॉबीत पडायला होतं. म्हणून सोलमध्ये अंगठ्याचं नख रोवून बघायचं, थोडं तरी रुतलं पाहिजे. दुसरं म्हणजे पँट बुटाच्या आत खोचायची नाही. खोचली की मांडीवरचं पाणी कापडावरून उतरत थेट तळव्यात जमतं. दिसायला बरं नसलं तरी पँट बाहेर, नाहीतर गुडघ्यापर्यंतची.

टिकाऊपणाची गोष्ट वेगळी, ती सगळी सोलमध्ये आहे. चिकटवलेला सोल पहिल्या मोठ्या पावसात आ वासतो. आमच्या कोपऱ्यावरचे मोचीकाका नव्या बुटाला चारी बाजूंनी मेणाच्या दोऱ्याने शिलाई मारून देतात, मग बूट उघडत नाही. पण प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, तेव्हा पाणी अडवायचं की सोल धरून ठेवायचा, हे आधी ठरवायचं. आणखी दगाबाज तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल. मऊ, हलका, चालायला सुखाचा, पण हवेतली ओल त्याला आतून खात राहते. वापरला नाही म्हणून वाचतो असंही नाही, उलट न वापरता कपाटात ठेवलेलाच जास्त दगा देतो. दोन-तीन वर्षांनी खोक्यातून काढला की दिसायला कोरा करकरीत, आणि गेटपर्यंत जाईतो खारी बिस्किटासारखा चुरा. सेलमध्ये पडून राहिलेले महागडे बूट स्वस्तात मिळतात तेव्हा हे आठवावं. ईव्हीए या फोमसारख्या हलक्या प्लास्टिकला किंवा रबराला हा आजार नाही.

तुंबलेलं नसेल त्या दिवशी मी ईव्हीएचे, पुढून बंद, मागे पट्टा असलेले सँडल घालते. पाणी आत येतं आणि बाजूच्या भोकांतून निघून जातं. बोटं मात्र झाकलेली हवीत. हा हट्ट मुंबई-ठाण्याने शिकवला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार आला. उंदीर, गुरं आणि कुत्री यांच्या लघवीतून तो पाण्यात उतरतो, आणि पायाला साधी चीर असली तरी आत शिरतो. साचलेल्या पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. चिंगीला त्याची लस मिळते, वर्षातून एकदा, नीट नोंद करून. मला नाही. घरी आल्यावर आधी तिचे पाय धुतले जातात, मग माझे, हाही त्याच घरचा न्याय.

चिखल्या तर होतातच. आजी बोटांच्या बेचक्यांत मेंदी भरायची, डॉक्टर पावडर देतात. दोन्हींनी फरक पडतो, पण सर्वांत जास्त फरक मोज्यांनी पडतो. सुती मोजा पाणी धरून बसतो. फुटबॉलवाली मुलं घालतात ते लांब नायलॉनचे मोजे पिळून पंख्याखाली टाकले की संध्याकाळपर्यंत तयार.

आता अडचण एकच, मापाची. गमबूट बनवणाऱ्यांच्या मते पावसात फक्त पुरुष उभे राहतात. ‘‘पाच नंबर?’’ हार्डवेअरवाल्याने माझ्या पायांकडे पाहिलं. ‘‘सातपासून पुढे आहेत. नाहीतर समोर लहान मुलांच्या दुकानात बघा.’’ गेले. हिरवे होते, पुढे बेडकाचे दोन डोळे बसवलेले, आणि सोल हवा तसा मऊ, नख अगदी सहज रुतलं. फक्त त्यांचं माप जिथे संपत होतं तिथे माझा पाय सुरू होत होता. शेवटी सात नंबरचेच घेतले. आत एक जाड इनसोल, त्यावर दोन मोजे, आणि मांजर दिसलं की पट्टा सोडायचा आणि बूट धरायचा.