पायाला लावायचं तेल

परवा संध्याकाळी माझ्या चॉकलेटचं कालवण झालं. फ्रीजमधून ताट काढलं, अंगणातल्या पोरांना हाक मारली, आणि ती पाय धुऊन माजघरात येईस्तोवर ताटात काजू पोहायला लागले होते. भाच्याने वाकून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आत्ये, चपाती आणू?"

या ब्लॉगवर मी तिकडच्या गोष्टी लिहिते. आज इकडून लिहितेय, वेंगुर्ल्याच्या घरून, पंखा पाचावर ठेवून. पण सुरुवात तिकडचीच आहे, जर्मनीतल्या श्टुटगार्टची. मार्चमध्ये लेकीचा पाचवा वाढदिवस होता. बालवाडीतून कागद आला: घरून खाऊ आणणार असाल तर दूध नको, लोणी नको, अंडं नको, मध नको, जिलेटिन नको. गटात एक मूल व्हीगन घरातलं, म्हणजे जनावरापासून आलेलं काहीच न खाणाऱ्या, आणि दुसऱ्याला दुधाचं वावडं. सुकामेवा चालेल, पण बारीक केलेला.

मी म्हटलं, त्यात काय, काळं चॉकलेट आणू. काळ्या चॉकलेटात दूध कुठे असतं? दुकानात जाऊन साहित्य वाचलं. कोको, साखर, कोको बटर. दूध नाही. चार पाकिटं घेतली, रंगीत कागदात बांधली. वाढदिवसाच्या दिवशी बाईंनी चष्मा लावला, पाकीट उलटं केलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि अत्यंत नम्रपणे सगळं मला परत दिलं. ओळ होती: दुधाचे अंश असू शकतात.

त्या एका ओळीचा मी पुढे पंधरा दिवस राग केला. खरं सांगायचं तर अजून करते. असू शकतात म्हणजे काय? आहेत का नाहीत ते सांगा की! मग नवऱ्याने मला बसवून समजावलं (त्याला समजावायला आवडतं). एकाच यंत्रावर सकाळी दुधाचं चॉकलेट आणि दुपारी काळं चॉकलेट होतं. यंत्र पाण्याने धुता येत नाही, कारण चॉकलेटला पाण्याचा थेंब चालत नाही. त्यामुळे थोडं दूध मागे राहतंच. तिकडे २०११ च्या नियमानुसार चौदा पदार्थ साहित्याच्या यादीत ठळक छापावेच लागतात. दूध, अंडं, शेंगदाणे, तीळ, सोया, आपले काजू, सगळे त्यात आले. 'अंश असू शकतात' ही ओळ मात्र सक्तीची नाही, कंपन्या आपणहून छापतात. म्हणजे त्या ओळीमुळे व्हीगन मुलाचं काही अडत नव्हतं, अडत होतं ते वावडं असलेल्या मुलाचं. बाईंचं बरोबर होतं. हिरवा ठिपका बघून निर्धास्त होणारी आपण माणसं. त्या ठिपक्यात दूध, तूप, मध सगळं बसतं, हे मला कधी जाणवलंच नव्हतं. तरी वाढदिवसाच्या दिवशी पाचवर्षांच्या पोरीसमोर खाऊ परत? दाराशी हळूच नसतं का सांगता आलं? इकडे असतं तर बाईंनी खाऊ ठेवून घेतला असता आणि त्या एका मुलाला बिस्किट दिलं असतं. (वहिनीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "आणि बिस्किटात दूध असतं तर?" मी विषय बदलला.)

मदतीला आली ती त्या व्हीगन मुलाची आईच. तोवर मी तिला दोन वर्षं नुसतं 'हॅलो' म्हणत होते. माझ्या हातातली बांधलेली पाकिटं बघून ती संध्याकाळी घरी आली, सिलिकॉनचा साचा घेऊन, आणि तासाभरात आम्ही चॉकलेट केलं. खोबरेल वितळवायचं, त्यात कोको पावडर आणि मेपलचा पाक ढवळायचा, साच्यात ओतायचं, वर भाजून कुटलेले काजू, भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या बिया. तास-दीड तास फ्रीजमध्ये. झालं. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा चष्मा लावला, माझ्या हाताने लिहिलेली साहित्याची यादी वाचली आणि हसून डबा आत नेला. आभार म्हणून मी तिला ओल्या काजूची उसळ खायला घालणार होते, पण श्टुटगार्टमध्ये ओले काजूगर कुठून आणू?

तर लेकीच्या डोक्यात ते चॉकलेट बसलं. इकडे आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं की ती मामाच्या मुलांना 'आपलं' चॉकलेट करून देणार. मी उत्साहात. काजू घरचे, खोबरेल घरच्या खोबऱ्याचं घाण्यावरून काढून आणलेलं, काशी भोपळ्याच्या बिया आईने वाळवून ठेवलेल्या. नुसती कोको पावडर मी तिकडून आणलेली. मी मेपलच्या पाकाऐवजी काकवी घेतली आणि तिथेच पहिली माती खाल्ली. काकवीत पाणी असतं. मिश्रण क्षणात आळून दाणेदार गोळा झालं. कोकोच्या कणांना पाणी लागलं की ते एकमेकांना चिकटतात आणि तेल बाजूला पडतं. मेपलच्या पाकातही पाणी असतं, पण तिकडे चमचाभरावर भागलं होतं. इथे मी काकवी सढळ हाताने ओतली. दुसऱ्या वेळी पिठीसाखर घेतली. छान झालं, चकचकीत. फ्रीजमध्ये घट्टही झालं. पुढचं कालवण तुम्ही वाचलंच.

आई इतका वेळ विळीवर नारळ खवत होती. ती म्हणाली, "मे महिन्यात खोबरेल कधी थिजता काय गो?"

हे मला कळायला नको होतं? लहानपणी आंघोळीआधी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवायचो ती फक्त पौषातल्या थंडीत. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. श्टुटगार्टच्या माझ्या स्वयंपाकघरात २० अंश, तिथे खोबरेल बरणीत पांढरं दगडासारखं, चमच्याने खरवडावं लागतं. इथे माजघरात ३३. आठ वर्षांत मी खोबरेलाला घट्ट पदार्थ समजायला लागले होते, हे माझं मलाच नवीन होतं.

मग वहिनीने विचारलं, "पण तूप घाल की, कुणाला कळतंय?" त्यावरून व्हीगन म्हणजे काय यावर जेवताना तासभर चर्चा झाली. भाऊ म्हणाला, ही सगळी पोट भरलेल्या लोकांची थेरं. मला एकदम त्या व्हीगन मुलाच्या आईची बाजू घ्यावीशी वाटली. मी म्हटलं, अरे, आपण काय खातो बघ. शिरवाळे आणि नारळाचा रस, घावन, सोलकढी, सांदण, आणि तूप सोडलं तर खांडवी, उकडीचा मोदक. कुठे आहे दूध? कोकणात गोडाधोडाला दूध नारळाचंच. शब्द नव्हता तेव्हापासून आपण व्हीगन. आई म्हणाली, "आणि बांगडो?" सगळे हसले. बांगडा पानातच होता.

बोलता बोलता मी युरोपातली एक गंमत सांगितली. १४ जून २०१७ रोजी तिथल्या न्यायालयाने निकाल दिला की सोयाच्या वगैरे पेयांना दूध म्हणून विकता येणार नाही, दूध म्हणजे जनावराचं. त्यामुळे जर्मनीत बदामाच्या डब्यावर 'बदाम पेय' असं लिहितात. पण नियमाला काही अपवाद आहेत आणि त्यात नारळाचं दूध आहे. म्हणजे जर्मनीत बदामाला नाही, नारळाला आहे. हे सांगताना माझी छाती अशी फुगली होती की जणू निकाल मीच लढून आणला.

दुसऱ्या दिवशी शेजारची काकी आली. कालवणाची बातमी तिच्यापर्यंत पोचलेलीच होती. पदराखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पिवळट पांढरा गोळा काढला, कोंबडीच्या अंड्याएवढा. कोकमतेल. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळतात. वर येणारं तेल काढून घेतलं की थंड झाल्यावर थिजतं, मग हाताने वळून असे गोळे करतात. माझ्यासाठी त्या गोळ्याचा अर्थ एकच: पायाच्या भेगा. थंडीत आजी चुलीवर पळीत वितळवून गरम गरम टाचांना लावायची आणि आम्ही ओरडायचो. मुंबईला हॉस्टेलवर गेले तेव्हा आईने ट्रंकेत घातलेला गोळा मी मैत्रिणींना दिसू नये म्हणून कपाटाच्या तळाशी ठेवला होता.

"ह्यां थिजता बघ," काकी म्हणाली.

खरंच, ते ३३ अंशांतही दगड. कोकमतेल ४० च्या आसपास वितळतं. आणि मग मला आठवलं ते मी कुठेतरी वाचलं होतं, इथे येऊन पुन्हा तपासलं. युरोपच्या २००० सालच्या चॉकलेटच्या नियमांत कोको बटरशिवाय सहा वनस्पती-चरब्यांना पाच टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यांत कोकम आहे. सालवृक्षाच्या बियांची चरबी आहे. आंब्याच्या कोयीतली चरबीही आहे. ज्या कोयी आमच्या परसात पावसाळ्यात रुजून येतात आणि आई उपटून टाकते, त्या! कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणून चॉकलेट हातात टिकतं आणि तोंडात विरघळतं. कोकमाची घडण त्याच्या जवळची, फक्त जरा जास्त तग धरणारी. मी हे सगळं एका दमात काकीला सांगितलं. ती म्हणाली, "असात."

काकीचं तेल ताजं, या वर्षीच्या बियांचं होतं. ते वितळवून मी कापडातून गाळलं, पाणी राहू नये म्हणून मंद आचेवर आणखी थोडं ठेवलं. पहिला घाणा नुसत्या कोकमतेलाचा केला. मस्त घट्ट झालं, पण तोंडात मेणासारखं टाळूला चिकटलं, कारण तोंडाची ऊब त्याला पुरत नाही. मग प्रमाण बदलत बदलत इथे आले: १०० ग्रॅम कोको, १०० ग्रॅम पिठीसाखर, ८० ग्रॅम कोकमतेल, ४० ग्रॅम खोबरेल, चिमूटभर मीठ. काजू आधी भाजून पूर्ण गार करायचे, गरम घातले तर त्यांच्याभोवती मऊ राहतं. भोपळ्याच्या बिया तव्यावर तडतडेपर्यंत. तीळ. आणि हे माझं डोकं: आंबापोळीचे बारीक तुकडे. कोकोचा कडवटपणा आणि हापूसची आंबट गोडी, मला तरी श्टुटगार्टच्या कुठल्याही दुकानातल्यापेक्षा आवडलं. चकाकी नाही आली, वरून जरा मातकट दिसतं. फ्रीजमधून काढल्यावर दमट हवेने घाम येतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यातच थंड करायचं आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडायचं नाही. हे सगळं शिकण्यात चार घाणे गेले. मधे दोनदा वीज गेली, ती वेगळी.

पोरांनी खाल्लं. भाच्याने चपाती मागितली नाही. भाऊ दोन तुकडे खाऊन म्हणाला, ठीक आहे. वहिनी म्हणाली, यात थोडं तूप असतं ना, तर. आई मात्र तोंडात घालेना.

"पायाक लावूचां तेल तू पोरांका खावक घालतंस?"

मी म्हटलं, अगं युरोपात कायद्याने चालतं. त्यावर ती म्हणाली की तिच्या सासूच्या वेळी गरम भातावरही घ्यायचे. म्हणजे खायचं तेल हे तिला आधीपासून ठाऊक होतं! मग माझ्या चॉकलेटातच काय वाईट झालं? ती काही बोलली नाही.

आमच्याकडे कोकमतेल काढायचं केव्हाच थांबलंय. रातांबे फोडून सोलं काढतात, बिया उकिरड्यावर. आईचे हात दुखतात, वहिनीला शाळा आहे. काजूची बाग दोन वर्षांपासून ठेकेदाराकडे, घरापुरते पाच-सहा किलो तो आणून देतो. भाऊ मला म्हणाला नाही, पण ऐकू आलं: तू असतीस तर. मी असते तरी बिया कुटत बसले असते का? मुंबईत असते, नोकरी करत असते, आणि मे महिन्यात चार दिवस येऊन हेच बोलले असते. आता निदान तीन आठवडे येते.

काल रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा फ्रीजचं दार उघडं, उजेडात आई उभी. डब्यातला आंबापोळीचा तुकडा तेवढा नखाने उचकटून खात होती. मला बघून म्हणाली, "साट चांगलां लागता." काजूही गेले होते. चॉकलेट तसंच होतं.

बॅगेत काकीचे सहा गोळे घेतलेत, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. श्टुटगार्टच्या त्या व्हीगन मुलाच्या आईला दोन देणार. कागदावर काय लिहायचं ते ठरवतेय, कारण ती विचारणारच हे कशाला वापरतात, आणि टाचांचं सांगायचं का नाही ते अजून ठरलेलं नाही.