तुम्ही विचारलंत म्हणून: युद्ध 1861 मध्येच का पेटलं?

महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला होता. ती अर्पणपत्रिका वाचली की कुणीतरी मला हमखास विचारतं: तिथे गुलामी तर देश जन्मण्याआधीपासून होती, मग इतकी वर्षं खपवून घेतल्यावर उत्तर आणि दक्षिणेतलं यादवी युद्ध 1861 मध्येच का पेटलं?

माझं उत्तर एकच असतं: नव्या जमिनीमुळे. डेमोक्रॅट आणि व्हिग या दोन्ही मोठ्या पक्षांना उत्तरेतही मतं हवी होती आणि दक्षिणेतही. त्यामुळे जुन्या राज्यांतल्या गुलामीचा विषय ते होता होईल तो टाळत. पण नवा मुलूख हाती आला की तिथे गुलाम नेता येतील की नाही, हे काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, ठरवावंच लागे. त्यात संसदेच्या वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, प्रत्येक नव्या राज्याचे दोन सदस्य; म्हणजे राज्य वाढलं की त्या बाजूची मतं वाढली. 1819 मध्ये गुलामी असलेली दक्षिणेकडची आणि नसलेली उत्तरेकडची राज्यं अकरा-अकरा होती. पुढच्या वर्षी मिसूरी हे राज्य गुलामीसकट आणि मेन हे गुलामीविना आत घ्यायचं ठरवून तो तोल सांभाळला गेला. फ्रान्सकडून घेतलेल्या उरलेल्या मुलखात 36°30' अक्षांशाच्या उत्तरेला गुलामी नको, असंही ठरलं.

ही तडजोड खिळखिळी झाली ती मेक्सिकोशी केलेल्या युद्धामुळे, कारण त्यातून नवी जमीन मिळणार होती. मेक्सिकोनं 1829 मध्येच गुलामी बंद केली होती. म्हणजे जिथून ती गेली होती तिथे ती पुन्हा न्यायची का, असा प्रश्न होता. ऑगस्ट 1846 मध्ये पेनसिल्व्हेनियाचा प्रतिनिधी डेव्हिड विल्मट यानं मांडलं की मेक्सिकोकडून मिळेल त्या जमिनीवर गुलामी नसावी. तो गुलामांचा कैवारी नव्हता. त्याला ती जमीन गोऱ्या कष्टकऱ्यांसाठी हवी होती. उत्तरेतल्या पुष्कळांचा विरोध असाच होता, हे आपण विसरू नये. ठराव काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, प्रतिनिधीगृहात, मंजूर झाला, सिनेटमध्ये अडला. पण मतं पाहा: पक्ष बाजूला राहिले, उत्तर विरुद्ध दक्षिण अशी सरळ फाळणी झाली.

1850 मध्ये कॅलिफोर्निया गुलामीविना आत आलं, आणि त्याच तडजोडीत दक्षिणेला पळालेल्या गुलामांना धरून आणण्याचा कडक कायदा मिळाला. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नसे, ज्यूरी नसे. त्याला मालकाच्या हवाली केलं तर निवाडा करणाऱ्या कमिशनरला 10 डॉलर, सोडलं तर 5. हे वाचताना मला आजही संताप येतो. तडजोडी करणारे गोरे होते. किंमत मोजली ती काळ्या माणसांनी.

1854 मध्ये सिनेटर स्टीफन डग्लसच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं 36°30' ची रेषाही पुसली आणि निर्णय तिथल्या वसाहतवाल्यांवर सोडला. कॅन्ससमध्ये रक्त सांडलं, व्हिग पक्ष कोसळला, नव्या मुलखात गुलामी नको म्हणणारा रिपब्लिकन पक्ष जन्मला. 1857 मध्ये, स्वातंत्र्य मागणाऱ्या ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या मुलखांत गुलामी रोखण्याचा काँग्रेसला अधिकारच नाही.

आता 1860 चा हिवाळा पाहा. राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेला रिपब्लिकन लिंकन जुन्या राज्यांतली गुलामी आहे तशी राहू द्यायला तयार होता. तसं घटनेत लिहायलाही त्याची हरकत नव्हती. तीच 36°30' ची रेषा पॅसिफिकपर्यंत नेऊन दक्षिणेकडचा मुलूख गुलामीला द्या, हा सिनेटर क्रिटेंडनचा प्रस्ताव मात्र त्यानं नाकारला. नव्या जमिनीवर तो हटेना आणि दक्षिणही हटेना. 4 मार्च 1861 ला त्यानं शपथ घेतली, तोवर दक्षिणेतली सात राज्यं देशातून फुटून निघाली होती, आणि त्या फुटीतूनच युद्ध पेटलं.