रकाना क्रमांक ७: डिझाइन थिंकिंगचा माझा अनुभव

डिझाइन थिंकिंगच्या, म्हणजे वापरणाऱ्यापासून सुरुवात करून उपाय शोधण्याच्या पद्धतीच्या, कार्यशाळेत जे पाच टप्पे शिकवले जातात, त्यांत मंजुरी नावाचा टप्पा नसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन संस्थेमुळे सर्वदूर पोचलेला तो क्रम एव्हाना अनेकांना पाठ झाला आहे: वापरणाऱ्याला समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना काढा, कच्चा नमुना तयार करा आणि तो लोकांच्या हाती देऊन पाहा. आमच्या संस्थेत यांतले पहिले चार टप्पे सव्वीस दिवसांत उरकले आणि चौथ्या व पाचव्या टप्प्यांच्या मधल्या फटीत आम्ही अकरा आठवडे अडकून पडलो. त्या अकरा आठवड्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच कबूल करतो.

काम तसे लहान होते. कर्मचाऱ्यांची प्रवासखर्चाची बिले लेखा विभागाकडून पुन्हा पुन्हा परत येत आणि हाती पैसे पडेपर्यंत दोन-दोन महिने उलटत. त्यावर मोबाइल ॲप हवे, असे वरिष्ठांनी ठरवून टाकले होते आणि आमच्या सहा जणांच्या गटाने 'डिझाइन थिंकिंग वापरून' त्या ॲपचा आराखडा द्यावा, अशी अपेक्षा होती. उत्तर हातात देऊन प्रश्न शोधायला पाठवण्याचा हा प्रकार फार संस्थांमध्ये चालत असावा. आम्ही मान डोलावली आणि ॲपचे नाव न काढता बिले भरणाऱ्यांशी बोलायला सुरुवात केली.

नऊ जणांच्या मुलाखतींतून जे कळले नाही, ते लेखा विभागातल्या एका लिपिक बाईंच्या शेजारी दोन दुपारी नुसते बसून कळले. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली हाताने लिहिलेली, कडा पिवळ्या पडलेली चौदा खर्चशीर्षांची, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या प्रकारांची, यादी होती. बिल आले की त्यांचे बोट आधी 'खर्चशीर्ष' या रकान्यावर जाई, तिथे बहुधा 'इतर' असे लिहिलेले असे, मग तेच बोट काचेवरून यादीभर फिरून योग्य शीर्षावर थांबे आणि त्यानंतर त्या बिलाला 'शीर्ष तपासावे' अशी चिठ्ठी टाचून ते परत पाठवत. मी न राहवून विचारले, "बाई, बरोबर शीर्ष कोणतं ते तुम्हाला माहीत आहे ना?" त्या म्हणाल्या, "माहीत आहे की. पण ते भरणाऱ्यानं लिहायचं असतं. मी लिहिलं तर तो फेरफार ठरतो."

आमचा प्रश्न तिथेच बदलला. बिल मोबाइलवर भरले काय आणि कागदावर भरले काय, भरणाऱ्याला चौदा शीर्षे ठाऊक नसतील तर ते परतच येणार होते. म्हणून खर्च कशासाठी झाला ते कर्मचाऱ्याने साध्या शब्दांत लिहायचे आणि शीर्ष लेखा विभागाने खालच्या 'कार्यालयीन उपयोगासाठी' या चौकटीत भरायचे, असा एका पानाचा कागदी नमुना आम्ही एका दुपारी तयार केला. कल्पना काढण्याच्या बैठकीबद्दल एवढेच सांगतो की पहिली दहा मिनिटे सर्वांनी न बोलता आपापल्या कागदावर लिहावे. मिशाएल डील आणि वोल्फगांग स्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये प्रयोगांनी दाखवले होते, की गटात एक जण बोलत असताना बाकीच्यांच्या कल्पना अडून राहतात. आणि बोलणारा साहेब असेल तर त्या अडतात कसल्या, विरूनच जातात.

नमुना पाच जणांना दोन आठवडे वापरायला द्यायचा होता. त्यासाठी नवोपक्रम कक्षाची परवानगी लागते असे आम्हाला सांगण्यात आले. नवोपक्रमाला उत्तेजन देण्यासाठीच स्थापन झालेल्या या कक्षाचा प्रस्ताव-अर्ज बारा पानांचा होता. बाकीचे रकाने आम्ही तासाभरात भरले आणि सातव्यापाशी थांबलो: 'अपेक्षित वार्षिक बचत (आकड्यांत)'. बचत होते की नाही हे पाहण्यासाठीच तर चाचणी करायची होती. मी प्रामाणिकपणे 'चाचणीनंतर कळेल' असे लिहिले. एकोणीस दिवसांनी अर्ज लाल शाईतल्या शेऱ्यासह परत आला: 'रकाना क्र. ७ अपूर्ण.'

दुसऱ्यांदा आम्ही परत जाणारी बिले मोजून, प्रत्येकावर वाया जाणारी मिनिटे धरून एक अंदाज लिहिला. समितीची बैठक महिन्यातून एकदा होई. त्या महिन्यात गणपूर्ती झाली नाही म्हणून ती पुढे गेली आणि झाली तेव्हा दोन शंका निघाल्या: अंदाजाला आधार काय, आणि पाचच माणसे का? दुसऱ्या शंकेचे उत्तर मी मोठ्या हौसेने दिले. पाच वापरकर्त्यांच्या चाचणीत वापरातले सुमारे 85 टक्के दोष दिसतात, असे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी 2000 मध्ये मांडले होते. एका माणसाला सरासरी 31 टक्के दोष अडतात असे धरले, तर पाचही जणांच्या नजरेतून निसटणारे दोष 0.69 चा पाचवा घात, म्हणजे 16 टक्क्यांच्या आसपास उरतात, असा तो हिशेब आहे. उत्तर चुकीचे नव्हते, पण गैरलागू होते आणि ते मला तेव्हा कळले नाही. हा हिशेब दोष सापडण्याचा आहे. त्यातून बचत सिद्ध होत नाही, आणि समिती तर बचतच विचारत होती. अर्ज तिसऱ्यांदा परत आला.

या काळात आमच्या गटाची जी अवस्था झाली, ती कोणत्याही कार्यशाळेत सांगत नाहीत. सहातले दोघे दुसऱ्या कामाला लावले गेले, मुलाखती दिलेले कर्मचारी जिन्यात भेटले की "काय झालं त्याचं?" असे विचारू लागले, आणि मी समितीवर तिरकस टीका करणाऱ्या टिपणीचे चार मसुदे लिहून फाडले. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या अभ्यासकांनी 1973 मध्ये ज्यांना 'विकेड प्रॉब्लेम्स' म्हटले, ते प्रश्न उत्तर शोधू लागल्याशिवाय नीट मांडताही येत नाहीत, हे वाक्य पहिल्या मसुद्यात होते. ते फाडले ते बरे झाले. दाराशी अडकलेल्याने आतल्या माणसाला सिद्धान्त ऐकवू नयेत.

नवव्या आठवड्यात गटातल्या सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याने जे विचारले, त्याची मला आजही थोडी लाज वाटते. "सर, आपण बिलं भरणाऱ्यांजवळ बसलो, लेखा विभागात बसलो. या कक्षातल्या साहेबांजवळ कोणी बसलंय का?" कोणीही बसले नव्हते. त्यांना आम्ही भिंत समजत होतो, वापरकर्ता नव्हे.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघे त्या अधिकाऱ्यांकडे गेलो आणि अर्जाचा विषय न काढता, हा रकाना कसा आला एवढेच विचारले. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. अर्जाचा मूळ नमुना यंत्रखरेदीसाठी तयार झाला होता, एका खरेदीतली बचत कागदावर दाखवलेली नव्हती म्हणून लेखापरीक्षणात आक्षेप निघाला होता, आणि त्याचे स्पष्टीकरण देण्यात त्यांचे एक वर्ष गेले होते. तेव्हापासून सातवा रकाना रिकामा ठेवून ते एकही कागद पुढे सरकू देत नसत. त्यांच्या जागी मीही दिला नसता. मग त्यांनी आपणहून विचारले, "पण तुमच्या चाचणीत खर्च काय आहे?" कागद आणि पाच जणांचा थोडा वेळ, असे मी म्हणालो. "मूळ बिल रीतसर येणारच आहे ना?" येणार होते, आमचा नमुना त्याला केवळ जोडला जाणार होता. त्यावर त्यांनी कपाटातून एक परिपत्रक काढून समोर ठेवले. नियम न बदलणाऱ्या आणि वेगळा खर्च नसलेल्या प्रयोगाला विभागप्रमुख स्वतःच्या अधिकारात परवानगी देऊ शकतात, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. समितीकडे जाण्याची गरज पहिल्या दिवसापासूनच नव्हती.

सुटल्याचा आनंद झाला आणि संतापही आला. अर्ज तीनदा परत करताना हे एका ओळीत लिहिता आले असते. विभागप्रमुख दौऱ्यावर असल्याने आणखी दहा-बारा दिवस गेले, पण ते आल्यावर सही व्हायला चार मिनिटे लागली. आता कोणी असे काम हाती घेत असेल तर मी हेच सांगतो, की पहिल्या आठवड्यात मुलाखतींची यादी कराल तेव्हा नकार देऊ शकणाऱ्या माणसाचे नाव त्यात घाला आणि नमुना करण्याआधी त्याला भेटा. भेटताना फायदा रंगवून सांगण्यापेक्षा जास्तीत जास्त नुकसान किती होईल ते सांगा, कारण त्याच्या डोक्यात तोच हिशेब चालू असतो.

चाचणी मात्र सरळ पार पडली. पाचांपैकी चौघांची बिले पहिल्याच फेरीत मंजूर झाली. पाचवे अडले ते तारखेपाशी, कारण प्रवासाची तारीख लिहायची की बिलाची, हे आमच्या नमुन्यात कुठेच नव्हते आणि सहा जणांपैकी एकालाही ते खटकले नव्हते. ती ओळ घालून सुधारलेला नमुना आता दोन विभागांत चालतो आणि ॲपचा विषय सध्या तरी मागे पडला आहे. राहून गेलेली एक गोष्ट: कल्पना लिहून भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचे त्याच संध्याकाळी फोटो काढावेत, आमच्या चाळीसेक चिठ्ठ्या सफाईत रात्रीतून नाहीशा झाल्या.

आमचा मूळ अर्ज नवोपक्रम कक्षाच्या दप्तरी अजून प्रलंबित दिसतो. तो मागे घ्यायचा तर वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो मी केलेला नाही.