३२ मिलिमीटरचं दार

गेल्या आठवड्यात लेकीनं शाळेतून पक्ष्यांसाठी केलेलं लाकडी घर आणलं. छप्पर डावीकडे झुकलेलं. मी नवऱ्याला म्हटलं, दोन खिळे काढून सरळ करून दे. लेक एकदम चिडली. "हात नाही लावायचा! माझं लिहायचं बाकी आहे."

इथे फिनलंडमध्ये हस्तकला, म्हणजे 'कॅसित्यो', १८६६पासून शाळेत सक्तीची आहे. ती आणणारे उनो सिग्नेउस आमच्याच युवास्क्युलातल्या शिक्षक-विद्यालयाचे प्रमुख होते. आता मुलगे-मुली सगळेच शिवण आणि सुतारकाम दोन्ही शिकतात. आधी कल्पना, मग आराखडा, मग वस्तू, आणि शेवटी काय जमलं, काय फसलं ते मुलानंच लिहायचं. लेकीचं तेच राहिलं होतं.

बाईंनी लाकूड हातात देण्याआधी एकच विचारलं होतं, "घर कोणासाठी?" लेकीनं निवडला तालितिआइनेन, चिमणीएवढा, पिवळ्या पोटाचा. त्याला ३२ मिलिमीटरचं भोक लागतं. मोठं केलं तर दुसरेच पक्षी घुसतात. तिच्या पहिल्या चित्रात भोकाखाली बसायला दांडीही होती. बाईंनी ती खोडली नाही. "या दांडीवर अजून कोण येऊन बसेल?" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी लेकीनं स्वतःच दांडी काढून टाकली, कारण अंडी पळवणाऱ्यांचीही तिच्यावर सोय होते. दहा वर्षांच्या पोरीनं हा विचार केला, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आमच्या कार्यानुभवाच्या तासाला गणिताचा उरलेला धडा व्हायचा, आणि प्रदर्शनातली वस्तू आदल्या रात्री आई करून द्यायची. आईला किंवा बाईंना मी दोष देणार नाही. वर्गात आम्ही साठ जणं; साठ करवती कोण सांभाळणार? लेकीच्या वर्गाचे या तासाला दोन गट करतात. आणि हातकामातून शिक्षण हे गांधीजींनी १९३७मध्ये वर्ध्याला मांडलंच होतं की! इथल्या पालकांना मी ते आवर्जून सांगते. सांगताना, आपण ते का सोडलं, याचं उत्तर मात्र माझ्यापाशी नसतं.

रविवारी घर बर्चच्या झाडाला टांगलं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर तिचाही पहिला प्रश्न, "छप्पर वाकडं का गं?"

लेकीनं फोन घेतला. "आजी, पुढे उतार मुद्दाम दिलाय, पाणी ओघळायला. डावीकडचा चुकलाय. तिकडची फळी मी न मोजताच कापली."