कुरणाचं अनुदान आणि तीन कागदांवरचं माझं नाव

कॅलिफोर्नियात कुरणाची जमीन घेतलेली मराठी मंडळी हल्ली मला इक्विपच्या, म्हणजे शेती-कुरणांवरच्या संधारणाच्या कामांसाठी इथलं केंद्र सरकार देतं त्या, अनुदानाबद्दल विचारतात. मी आधी उलट विचारते, खरेदीखतावर तुमचं नाव कसं लिहिलंय आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर कसं? दोन्हींत फरक असेल तर अर्जाला हात लावायच्या आधी तो मिटवा. बाकीचं सगळं नंतर होतं. वणव्याचा एक अख्खा हंगाम आम्ही त्या फरकापायी धास्तीत काढला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमची जमीन सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या टेकड्यांवर आहे. वर ओक, खाली गवत आणि उतारांवर चमीस-मॅन्झानिटाची दाट झुडपं. जून ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नसतोच. याच पट्ट्यात २०१५च्या ब्यूट आगीत सुमारे ७० हजार एकर जळालं, २०१७च्या डेटवायलर आगीत ८० हजारांहून जास्त. माझं माहेर साताऱ्याकडचं, डोंगराला लागलेला वणवा मी लहानपणापासून पाहिलेला. पण तिकडचा वणवा बहुतेक गवतातून पळतो. इथे आग झुडपावर चढते, झुडपावरून ओकच्या फांदीवर आणि मग शेंड्यावर. तिथे ती पोचली की माणसाच्या हातात काही उरत नाही. म्हणून झुडपं काढणं, कड्याच्या माथ्यावरून आग अडवायला रुंद जाळपट्टा मोकळा करणं, आणि कुंपण व पाण्याच्या टाक्या घालून गाई फिरवत चारणं, ही तिन्ही कामं आम्हाला एकत्र करायची होती. झुडपं काढून कुरण चारलं नाही, तर मोकळ्या जागेत गुडघाभर गवत वाढतं आणि तेच वाळून पेटतं.

कॅल फायर या राज्याच्या वन आणि अग्निशमन खात्याची वनसुधारणा योजना आम्ही आधी पाहिली, पण तिला किमान २० एकर वनजमीन लागते आणि आमचं बरंचसं कुरण आहे. इक्विप कुरणालाही चालते. ती चालवणारी एनआरसीएस ही केंद्र सरकारची मृद्‌संधारण संस्था १९३५ साली, डस्ट बोलच्या धुळीच्या वादळांच्या काळात उभी राहिली. तिथली नियोजक बाई आमच्यासोबत सगळा उतार पायी फिरली, नकाशा केला, कामं ठरवली. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

घोडं अडलं ते पात्रतेच्या कागदांवर.

अनुदान मिळायच्या आधी जमिनीला फार्म नंबर असावा लागतो. आपल्या सातबारासारखीच ही नोंद, मालक कोण आणि वहिवाट कोणाची हे तिच्यात असतं. त्यासोबत एडी-१०२६ हा जमिनीची धूप आणि पाणथळ जागांबद्दलचा फॉर्म, आणि सीसीसी-९४१ हा उत्पन्नाच्या मर्यादेचा. हा दुसरा फॉर्म पडताळणीसाठी कर खात्याकडे जातो. तिथे तुमचं नाव आणि नंबर जुळले नाहीत तर तो परत येतो आणि तुमची पात्रता अधांतरी राहते.

आता माझं नाव बघा. मी इथे शिकायला आले तेव्हा सोशल सिक्युरिटी नंबर माहेरच्या नावाने निघाला, मधलं नाव वडिलांचं. करही त्याच नावाने भरला जातो. पुढे लग्न झालं, पासपोर्ट नवा केला, त्यात सासरचं आडनाव आलं आणि मधे नवऱ्याचं नाव. जमिनीची खरेदी पासपोर्ट दाखवून झाली, म्हणून खरेदीखत सासरच्या नावाने. आपल्याकडच्या हजारो बायकांच्या कागदपत्रांत हेच असतं आणि यात गैर काहीही नाही. पण पात्रता तपासणाऱ्या कार्यालयाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका होत्या. एकीची जमीन होती, दुसरीचं उत्पन्न होतं.

हे मला तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर मी महिन्याभरात निस्तरलं असतं. सांगितलं काय, तर "नाव जुळत नाही". कुठलं नाव कशाशी जुळत नाही, हे पत्रात नव्हतं. फोनवर विचारलं तर फॉर्म पुन्हा भरा म्हणाले. खरेदीखतावरचं नाव लिहून भरला, तर कर खात्याकडून परत आला. कार्डावरचं नाव लिहून भरला, तर जमिनीच्या नोंदीशी जुळेना म्हणून खिडकीवरच अडवला. मी लग्नाचा दाखला पुढे केला. तो मराठीत होता. प्रमाणित भाषांतर करून नेलं, तर त्या टेबलावरचा माणूस बदलला होता आणि नव्या माणसाला आधीचं काहीच ठाऊक नव्हतं. नियोजक बाई बिचारी रोज विचारायची, झालं का? कारण इक्विपचा अर्ज वर्षभर कधीही घेतात, पण गुणांकनाची एक ठरलेली तारीख असते. त्या तारखेला पात्रता पुरी नसेल तर अर्ज पुढच्या फेरीत ढकलला जातो. आमचा ढकलला गेला.

ते उन्हाळ्याचे महिने मी विसरणार नाही. दुपारचा वारा सुटला की पोटात गोळा यायचा. मंजूर व्हायच्या लायकीचा आराखडा टेबलावर पडलेला, आणि उतारावर झुडपं तशीच. स्वतःच्या पैशाने कामाला सुरुवात करायची तरी चोरी, कारण करारावर सह्या होण्याआधी सुरू केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत. हे मात्र नीट लक्षात ठेवा, उतावीळपणाने यंत्र बोलावू नका.

शेवटी मार्ग सुचवला तो मालकीहक्काचे कागद करणाऱ्या एका वकीलबाईंनी. काउंटीच्या रेकॉर्डरकडे नवं खत नोंदवलं. त्यात कार्डावरचं नाव, आणि पुढे स्पष्ट शब्दांत की हिनेच पूर्वी अमुक नावाने ही जमीन घेतली होती. ते नोंदलेलं खत पुढे केल्यावर खिडकीवर एकही प्रश्न आला नाही. मला आनंद झाला आणि संतापही आला, की एवढी साधी गोष्ट तिथल्या एकालाही सांगता येऊ नये!

तुमची जमीन आधी कोणी चराईला घेतली असेल तर फार्म नंबरच्या नोंदीत वहिवाटदार म्हणून अजून त्याचंच नाव असू शकतं, तेही बदलून घ्या. जमीन एलएलसीच्या, म्हणजे कंपनीच्या नावावर असेल तर पूर्वी सॅम या केंद्र सरकारच्या यादीत नोंदणी लागायची, २०१८पासून इक्विपला ती लागत नाही. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांच्या नादी लागू नका.

पुढच्या फेरीत मंजुरी मिळाली. पैसे तुमच्या बिलावर नाही, प्रत्येक कामाच्या ठरलेल्या दराने मिळतात, आणि काम तपासून पास झाल्यावर. मात्र शेती सुरू करून दहा वर्षं झाली नसतील तर निम्मी रक्कम तरी आगाऊ मागता येते. ती ९० दिवसांत खर्च करावी लागते, म्हणून कंत्राटदाराची तारीख पक्की झाल्यावरच मागा. झुडपांचा भुगा करणारी यंत्रं पक्ष्यांच्या विणीच्या काळात आणि रेड फ्लॅगच्या, म्हणजे आगीच्या धोक्याचा इशारा असलेल्या दिवशी चालवता येत नाहीत, त्यामुळे शरद ते हिवाळा एवढीच मुदत हाती राहते आणि तेव्हाच सगळ्यांना ती हवी असतात. कंत्राटदार उन्हाळ्यातच गाठा.

घराभोवतीची १०० फूट जागा साफ ठेवणं हे आमच्यासारख्या भागात मालकावर कायद्यानेच बंधन आहे, तो खर्च यात धरू नका. कुंपणाला पैसे घेतले की ते २० वर्षं सांभाळायची जबाबदारीही येते. आणि जानेवारीत १०९९-जी हा कराचा कागद घरी येतो, कारण ही रक्कम उत्पन्नात मोजली जाते. त्यातला काही भाग वगळता येतो का, हे पैसे खात्यात पडायच्या आधीच आपल्या सीपीएला, म्हणजे कराचा हिशेब करणाऱ्याला विचारून ठेवा.